‘रंग त्यांनी दिला, आता विचारायचं कोणत्या तोंडाने?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नेरूळमध्ये सिडकोच्या जुन्या वसाहतीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या एका गृहिणीने लिहिलं आहे. सोसायटीच्या गेटबाहेरचा रस्ता केबल टाकण्यासाठी खोदला गेला आणि नंतर कसाबसा बुजवला गेला. फूटपाथचे पेव्हर ब्लॉक खचलेत, जरा पाऊस झाला की घोटाभर पाणी साचतं. तळमजल्यावरच्या सत्तरीतल्या आजी तिथेच पडल्या, मनगट मोडलं. या बाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘सगळे मिळून नगरसेवकांकडे जाऊ.’ उत्तरादाखल हसऱ्या इमोजी आल्या. रात्री सेक्रेटरींचा फोन: ‘वहिनी, दिवाळीआधी बिल्डिंगला रंग कोणी काढून दिला, गेटवर कॅमेरे कोणी लावले, विसरलात का?’ रंग देणारे ते गृहस्थ जानेवारीत निवडून आले. बाईंचे यजमान मतदानाला गेलेच नाहीत. पहिल्यांदाच मत दिलेला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘आई, सगळे सारखेच. कशाला डोकं लावतेस?’ त्या विचारतात: आम्ही घेतलं, तर बोलायचा हक्क उरतो का? आणि विचारून खरंच काही होतं, की मीच भाबडी आहे?

ताई,

आधी रंगाचं बघू, कारण तुमच्या पत्रात खरी बोच तिथे आहे.

रंग घेणं चूकच होतं. मत मिळावं म्हणून काही देणं आणि त्यासाठी काही घेणं, कायद्याने दोन्ही गुन्हा आहे. तुम्हाला संकोच वाटतो, तो रास्त आहे. पण त्या संकोचातून ‘म्हणून आता आपण गप्प बसायचं’ हे कुठून निघतं? मतदान गुप्त असतं. तुमच्या बिल्डिंगमधल्या कोणी कोणाला मत दिलं हे त्या गृहस्थांना ठाऊक नाही, सेक्रेटरींनाही नाही. जो सौदा मुळात बेकायदा, तो पाळायचं बंधन तुमच्यावर नाही. शिवाय रस्ता दुरुस्त होणार आहे तो महापालिकेच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत तुमची घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे. ते दुसरं उपकाराचं काम नाही की पहिलं फिटल्याशिवाय मागू नये.

मला त्या फोनबद्दल जास्त काळजी वाटते. नगरसेवकांनी तुम्हाला काही सांगितलं नाही, धमकावलं नाही, बहुधा त्यांना तुमचा मेसेज माहीतही नाही. तुमच्याच सेक्रेटरींनी, आपणहून, तुमचं तोंड बंद केलं. निवडणुकीआधी सोसायट्यांना रंग, कॅमेरे, खुर्च्या, देवदर्शनाच्या बस कशासाठी मिळतात, त्याचं उत्तर या फोनमध्ये आहे. मत मिळेल की नाही याची खात्री देणाऱ्यालाही नसते. पण पुढची पाच वर्षं कोणी हिशोब मागायला येणार नाही, एवढी खात्री या रंगातून मिळते. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा सोसायट्या किती आहेत हे आपण सगळे जाणतो. त्या सगळ्यांना सांगते: सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत एक ओळीचा ठराव मांडा, ‘सोसायटी कोणत्याही पक्षाकडून किंवा इच्छुक उमेदवाराकडून वस्तू, काम वा रक्कम स्वीकारणार नाही.’ झालेला रंग खरवडून काढता येत नाही. पण असा ठराव इतिवृत्तात नोंदला गेला की पुढच्या वेळी नाही म्हणणाऱ्या सेक्रेटरीला आधार राहतो. तुमचे सेक्रेटरी वाईट गृहस्थ आहेत असं मला वाटत नाही. त्यांना ओशाळं वाटतंय आणि ते ओशाळेपण ते सगळ्यांवर लादताहेत.

आता ‘सगळे सारखेच’.

मुलगा हे म्हणतो तेव्हा त्याला लगेच खोडून काढू नका. त्याला कळायला लागल्यापासून त्याने काय पाहिलं? २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा. पक्षांतराला आळा घालायचा कायदा १९८५ पासून आहे, आणि तरीही मत दिलेल्या माणसाला आपलं मत शेवटी कुठे गेलं ते कळेनासं झालं. पहिल्या घडामोडीचं तर ठाणं हे घरच. तुम्ही कोणत्याही बाजूच्या असा, तरुण मुलाला यातून वीट आला तर तो त्याचा दोष नाही. निवडून दिलेल्या आमदाराला किंवा नगरसेवकाला मुदतीच्या आत परत बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती उणीव खरी आहे, आणि तुमच्या चार अर्जांनी ती भरून निघणार नाही. हे त्याच्यापाशी मान्य करा.

पण मग त्याला एक विचारा. सगळे सारखेच असं एकदा ठरवलं की सोय कोणाची होते? ज्याने काम केलं नाही त्याची. ज्याने केलं तोही त्याच रांगेत, मग कामासाठी झटायचं कशाला? आपल्याकडे हे वाक्य मोठं शहाणपणाचं समजलं जातं. नेत्याच्या दृष्टीने मात्र ‘सगळे सारखेच’ म्हणून घरी बसणारा माणूस सगळ्यात बिनत्रासाचा. २०२४ च्या लोकसभेला ठाणे मतदारसंघात निम्म्याहून थोड्याच अधिक मतदारांनी मत दिलं. तुमच्या यजमानांसारखे जे घरी राहिले त्यांचा राग कोणत्याही मतपेटीत मोजला गेला नाही. कोणीच पसंत नव्हतं तर ‘नोटा’ होता. महाराष्ट्रात २०१८ पासून महापालिका निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं मिळाली तर निवडणूक पुन्हा घ्यायची, असा राज्य निवडणूक आयोगाचा आदेश आहे. घरी बसण्याला असं कोणतंही वजन नाही.

अविश्वास ठेवायला माझी हरकत नाही. उलट ठेवावाच. दूधवाल्यावर आपला विश्वास असतो तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडतोच ना? ‘सगळे दूधवाले सारखेच’ म्हणून कोणी कॅलेंडर काढून टाकत नाही. नगरसेवकाच्या बाबतीत आपण नेमकं तेच केलं आहे.

आणखी एक समजूत मी वारंवार ऐकते, तुमच्या ग्रुपवरही कोणीतरी लिहिलीच असेल: ‘नगरसेवक नकोतच, एक कडक आयुक्त आणा.’ नवी मुंबईकरांना हे दोन्ही अनुभवून झालंय. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये आयुक्त म्हणून आले. ऑक्टोबरमध्ये महासभेने त्यांच्यावर १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव मंजूर केला. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तरी मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली. ठाण्यातले जुने लोक अजून तिथले एकेकाळचे आयुक्त टी. चंद्रशेखर यांचं नाव काढतात, त्यांनी रुंद केलेल्या रस्त्यांवरून रोज जातात. असे अधिकारी लाभले तर आनंदच. पण ते येणार कधी आणि जाणार कधी, हे आपल्या हातात नसतं. त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्या बदलीबरोबर जातात, कारण ते प्रश्न आपण कधी विचारलेलेच नसतात.

आणि नगरसेवक नसले तर काय होतं? नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. महासभा नाही, प्रभागातून उठून कोणी प्रश्न विचारत नाही. ज्यांना नगरसेवक नको होते त्यांची इच्छा पुरी झाली होती. त्या वर्षांत रस्ता खचला असता तर तुम्ही कोणाकडे गेला असतात? ज्याला पुन्हा तुमच्या दारात मत मागायला यायचंय असा एकही माणूस त्या काळात पालिकेत नव्हता. आता आहेत. ते चांगले आहेत का, हा पुढचा प्रश्न. पण त्यांना तुमची गरज पडणार आहे.

यंदा एक नवी अडचण मात्र आहे. २०१५ पर्यंत आपल्याकडे एका प्रभागाला एकच नगरसेवक होता. आता २८ प्रभागांतून १११ जण निवडून आलेत, म्हणजे एक प्रभाग सोडला तर प्रत्येकात चौघे. ठाण्याला हे २०१७ पासून माहीत आहे. चौघांची जबाबदारी म्हटल्यावर अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो ते काम क ने घेतलंय. म्हणून रंगवाल्या गृहस्थांपाशीच अडकून राहू नका. एकच पत्र चौघांच्या नावाने लिहा, चौघांची नावं वर एकाखाली एक, आणि चारही कार्यालयांतून पोच घ्या. मग कोण उत्तर देतं आणि कोण नाही, हे आपोआप दिसतं. चौघांत महिला नगरसेविका असतीलच, कारण निम्म्या जागा महिलांच्या आहेत. कार्यालयात गेल्यावर ‘साहेब बोलतील’ असं सांगून त्यांचे यजमान पुढे आले, तर नम्रपणे सांगा की आम्हाला ताईंशीच बोलायचंय. मत तुम्ही त्यांना दिलंय. त्यांनाही हे कोणीतरी म्हणायला हवं असतं.

पण चौघांकडे जायच्या आधी तुमच्या हातात कागद असायला हवा, नाहीतर ‘बघतो, करून घेऊ’ यावर बोळवण होईल. तुमच्या रस्त्याच्या बाबतीत हा कागद नक्की आहे. रस्ता खोदायची परवानगी महापालिका देते तेव्हा तो पूर्ववत करण्याचे पैसे खोदणाऱ्याकडून भरून घेते. म्हणजे तुमच्या गेटसमोरचा तो चर बुजवायचे पैसे कोणीतरी भरलेले असतील. ते किती होते? काम कोणाला दिलं? झालं म्हणून कोणी सही केली? फाइलमध्ये परवानगीचं पत्र असतं, पैसे भरल्याची नोंद असते, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश असतो. मोजमाप पुस्तिकेत किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर टाकला ते कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेलं असतं. आणि कार्यादेशात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो. या मुदतीत काम खचलं, उखडलं तर ठेकेदाराने ते स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं असतं. आजी पडल्या तो ब्लॉक या मुदतीत खचला असेल, तर नगरसेवकांकडे निधी मागायचीही गरज नाही. ठेकेदाराला नोटीस द्या, एवढंच मागायचं.

हा कागद मिळवायचे दोन मार्ग आहेत. माहितीचा अधिकार तुम्हाला ठाऊक असेल. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि मला हे बंधन चांगलं वाटतं, माणूस मुद्द्यावर येतो. एक लक्षात ठेवा, अर्जात ‘का’ विचारू नका. ‘रस्ता का केला नाही?’ याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. ‘अमुक रस्त्याच्या खोदाई परवानगीची प्रत, भरलेल्या शुल्काची नोंद, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं’ असं मागा. जे कागदावर आहे ते त्यांना द्यावं लागतं.

दुसरा मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे असतात. विभाग कार्यालयात जाऊन त्याच फाइलची मागणी करा. पहिल्या सोमवारी ‘साहेब नाहीत’ ऐकायला मिळेल, तयारी ठेवा. मुलाला बरोबर घेऊन जा. त्याच्याशी घरी वाद घालण्यापेक्षा हे बरं. त्याने मोजमाप पुस्तिकेतली लांबी पाहावी, मग गेटबाहेर टेप लावून चर मोजावा. आकडे जुळले तर त्याला कळेल की सगळे सारखे नसतात. नाही जुळले तर त्याच्या रागाला एक पत्ता मिळेल.

नुसता राग मोघम असतो, आणि मोघम रागाला उत्तर द्यायची गरज कोणाला पडत नाही. तुम्ही ज्या जमिनीवर राहता तिथल्याच लोकांकडे बघा. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा दि. बा. पाटील आणि इथले भूमिपुत्र काय मागत होते? जमिनीला भाव आणि विकसित जमिनीत वाटा. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. फार मोठी किंमत होती ती. पण पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि आजही आगरी-कोळी घरातल्या शाळकरी मुलालासुद्धा साडेबारा टक्के म्हणजे काय ते माहीत असतं. मागणी नेमकी असली की सरकार बदललं, मंत्री बदलला, तरी ती पुसता येत नाही.

अगदी तुमच्या शेजारचं उदाहरण हवं असेल तर नेरूळचा डीपीएस तलाव. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी आटलं, फ्लेमिंगो मेले. हळहळून थांबले असते तर नागरिकांचं काय चुकलं असतं? पण त्यांनी भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग कुठे बुजलेत ते शोधलं, फोटो काढले, पत्रं लिहिली, रस्त्यावर साखळी करून उभे राहिले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे ३० एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. तिथे सकाळी फिरायला येणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत, आणि ‘काय उपयोग’ हे त्यांनाही कोणीतरी म्हटलं असणारच.

तुमचा रस्ता नेमका कोणाचा हेही पहिल्या पत्रातच विचारून घ्या. आपल्याकडे महापालिका, सिडको, एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम खातं, प्रत्येकाची हद्द वेगळी. घोडबंदर रोडवरचे वाचक तर यात मुरलेले आहेत. महापालिका, बांधकाम खातं, एमएमआरडीए यांच्यात खड्डा कोणाचा हे ठरेपर्यंत पावसाळा सरतो. अशा वेळी ‘हा रस्ता आपल्या अखत्यारीत येतो का, येत नसल्यास कोणाच्या, हे लेखी कळवावे’ एवढंच मागणारं पत्र प्रत्येक कार्यालयाला द्या. ‘आमचा नाही’ असं लिहून द्यायला अधिकारी सहसा तयार होत नाहीत, आणि तिथेच काम हलतं.

एकट्या जाऊ नका. तुमच्या हिमतीवर मला शंका नाही, पण एकट्या बाईच्या तक्रारीला ‘त्या वहिनी जरा तशाच आहेत’ म्हणून निकालात काढणं सोपं असतं. ग्रुपवर आवाहन करण्यापेक्षा दारं वाजवा. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी निम्मे जण समोरासमोर सही करतात, हे तुम्हाला दिसेल. पहिली सही त्या आजींची घ्या, प्लास्टरमधल्या हाताने अंगठा दिला तरी चालेल. सेक्रेटरींना सगळ्यात शेवटी विचारा, तेव्हा पंधरा सह्या झालेल्या असू द्या. आणि कुठेही, ग्रुपवरसुद्धा, पुराव्याशिवाय कोणाला ‘चोर’, ‘खाल्ले’ असं लिहू नका. अब्रुनुकसानीची नोटीस आली की बरोबर आलेले सगळे पांगतात. कागदात जे दिसतं तेवढंच बोला.

महिनाभरात हालचाल झाली नाही तर लोकशाही दिन आहे. महापालिका स्तरावर तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो, पण विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. तिथे आयुक्तांसमोर तुमचा विषय येतो. अर्जासोबत चौघांना दिलेल्या पत्राची पोच जोडा.

काम झालं तर चौघांपैकी ज्याने धावपळ केली त्याला दोन ओळींचं पत्र जरूर द्या, आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. बॅनर मात्र नको. कर भरून मिळालेल्या फूटपाथबद्दल फ्लेक्सवर हात जोडणं तुमचं काम नाही. ज्याने काहीच केलं नाही त्याचं नाव आणि ‘पत्र दिलं अमुक तारखेला, उत्तर नाही’ एवढी नोंद त्याच बोर्डावर असू द्या. तारीख आणि पोच असेल तर ही बदनामी होत नाही.

फाइल पाहिल्यावर दोषदायित्व कालावधी संपल्याचं कळलं, किंवा रस्ता पूर्ववत झाल्याची कागदोपत्री नोंदच नसली, तर पहिल्या बाबतीत काम पुढच्या अंदाजपत्रकात धरावं लागेल. आयुक्त साधारण फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात, म्हणून चौघांना त्या कामाचं लेखी पत्र दिवाळीनंतर लगेच द्या, डिसेंबर उजाडू देऊ नका. दुसऱ्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. पैसे भरले गेलेत आणि काम नाही, तर ती प्रत घेऊन थेट बेलापूरच्या मुख्यालयात शहर अभियंत्यांच्या कार्यालयात जा, आणि त्यानंतर काय झालं ते मला कळवा.